आईची रात्रीची गोळी

आईची नागीण बरी झाली, पण बरगडीखालची आग काही जाईना. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन दिलं, १० मिलिग्रॅम. मूळचं नैराश्याचं औषध, पण कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यालाही देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत वैतागू नका. झोप येते म्हणून गोळी रात्रीच. सकाळी आधी पलंगावर बसायचं, मग सावकाश उभं राहायचं, नाहीतर चक्कर येते. आमच्या पंचवटीतल्या वाड्याचा जिना तर अगदीच उभा! तोंड कोरडं पडतं, आई घोट-घोट पाणी पिते. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. दारू नको. मनानं बंद करू नका. आणि स्ट्रिप नातवंडांच्या हाती लागता कामा नये, जास्त गोळ्या गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेततं. आमची लोखंडी कपाटात, कुलपात असते.