लॉगिनची विंडो खरी की खोटी, आधी ओढून बघा

फ्रेंड लिस्टमधलाच कोणीतरी 'आमच्या टीमला व्होट कर ना' म्हणून लिंक पाठवतो, उघडली की स्टीमच्या (गेम विकत घ्यायच्या आणि खेळायच्या प्लॅटफॉर्मच्या) लॉगिनची छोटी विंडो येते, वर पत्ता बरोबर, कुलूपही दिसतं आणि आपण पासवर्ड टाकून मोकळे होतो. पण कधीकधी ती विंडो म्हणजे त्या पेजवरच रंगवलेलं चित्र असतं, पत्त्यासकट!

१. ब्राउझर फुल स्क्रीन असेल तर लहान करा.
२. विंडो वरच्या पट्टीला धरून ब्राउझरच्या बाहेर ओढा. कडेला अडकली की खोटी, टॅब लगेच बंद.

बाहेर आली तरी पत्ता नीट वाचाच. मोबाईलवर हे जमत नाही, तिथे अशा लिंकवरून लॉगिन करूच नका.