क्लाउडवरचा डेटा परत आणताना होणाऱ्या चुका: या टाळा

गेल्या मार्चमध्ये एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला. ऑडिटरने जुनी कोटेशन्स मागितली होती आणि गूगल ड्राइव्हवरचं ते फोल्डरच दिसत नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं, की ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची सशुल्क सेवा) खातं महिन्याचे पैसे वाचावेत म्हणून डिलीट केलं होतं. फोल्डर सगळेच वापरत होते, पण त्यातल्या फाइलींची मालकी त्या मुलाच्या खात्याची होती. डिलीट केलेलं खातं ॲडमिनला, म्हणजे संस्थेची सगळी खाती सांभाळणाऱ्याला, २० दिवसांच्या आत परत आणता येतं. इथे पाच महिने उलटले होते. ताईंना सीसीत आलेल्या मेलमधून पार्ट्यांना गेलेल्या पीडीएफ एकेक करून शोधायला दोन दिवस लागले. मूळ शीट आणि त्यातला दरांचा हिशेब मात्र गेला तो गेलाच.

क्लाउड कंपनी डेटा सांभाळते ती तिची डिस्क खराब झाली, सर्व्हर बंद पडला तर काही बुडू नये म्हणून. तुम्ही तुमच्याच लॉगिनने काही डिलीट केलंत, तर तो तिच्या लेखी तुमचा आदेश असतो. ती काही दिवस वाट बघते आणि मग तो पाळते. हे दिवस आपल्या कामाच्या चक्रापुढे फार थोडे पडतात. ड्राइव्हचा ट्रॅश ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. त्याआधी फाइल तिथे पडून राहायची, आणि पुष्कळांच्या डोक्यात अजून तोच हिशेब आहे. त्यानंतर वर्कस्पेसच्या ॲडमिनच्या हातात आणखी २५ दिवस असतात. मायक्रोसॉफ्टच्या फाइली ठेवायच्या सेवांत, म्हणजे ऑफिसच्या वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये, ९३ दिवस मिळतात, घरगुती वनड्राइव्हमध्ये ३०. आणि ऑडिट, वार्षिक सभा, विम्याचं नूतनीकरण येतं वर्षातून एकदा. जून महिन्यात उडालेली फाइल आपल्याला मार्चमध्ये आठवते. त्यामुळे वेगळी प्रत लागतेच, आणि ती किमान वर्षभर मागे जाणारी हवी.

माणूस जाताना खातं घाईने काढणं

सर्वांत जास्त नुकसान मी इथेच पाहिलं आहे. वर्कस्पेसमध्ये खातं डिलीट करताना फाइली कोणाच्या नावावर करायच्या, हे विचारलं जातं. तो प्रश्न ओलांडून पुढे जाऊ नका. शक्य असेल तर कामाच्या फाइली आधीपासूनच शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा. तिथे मालकी संस्थेची असते, व्यक्तीची नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर लायसन्स काढण्याआधी मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांना उघडता येणारी मेलपेटी) करून घ्या. ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही, म्हणजे पैसेही वाचतात आणि मेलही राहतात.

सिंक झालेल्या (क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरला बॅकअप समजणं

कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं फोल्डर दिसतं, ते पेनड्राइव्हवर कॉपी केलं की काम झालं, असं वाटतं. एकदा त्या पेनड्राइव्हवरच्या गूगल शीटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. वर्षभराच्या वसुलीची शीट, आणि आकार जेमतेम १ केबी! ती शीट नव्हेच, तिच्याकडे नेणारा नुसता दुवा आहे. मूळ शीट डिलीट झाली की पेनड्राइव्हवर काहीच उरत नाही. गूगलचे डॉक्स आणि शीट्स टेकआउटमधून (गूगलची सगळा डेटा उतरवून घ्यायची सोय) किंवा फाइल मेनूतून डाउनलोड करूनच काढावे लागतात.

वर्ड-एक्सेलच्या फाइली सिंकमध्ये खऱ्याखुऱ्या असतात, पण एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फाइलीही तत्परतेने वर जातात.

सीएसव्ही उघडून सेव्ह करणं

ही चूक रिस्टोअरच्या, म्हणजे डेटा परत टाकायच्या, दिवशी रडवते. अकाउंटिंगच्या किंवा ग्राहकांच्या ॲपमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) एक्सपोर्ट केली, नीट आली का बघायला एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली आणि बंद करताना सवयीने सेव्ह केली. तेवढ्यात काय झालं बघा. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांचं पुढचं शून्य गेलं. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक राहतं, त्यामुळे १६ आकडी खातेक्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य झाला. आणि देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग लागली. नुसती चिन्हं दिसली म्हणून घाबरू नका, सेव्ह केलं नसेल तर मूळ फाइलमधलं मराठी शाबूत असतं. एक्सेलच्या डेटा टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही आयात करा, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षरपद्धत) निवडा आणि क्रमांकांचे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. मूळ एक्सपोर्टला मात्र हात लावायचा नाही. पाहण्यासाठी वेगळी कॉपी करा.

‘बॅकअप झाला’ या निरोपावर विसंबणं

जानेवारी २०१७ च्या शेवटच्या दिवशी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर चालू डेटाबेस पुसला. मग लक्षात आलं, की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याचे मेल मेल सर्व्हरच नाकारत होता. कोणीतरी योगायोगाने सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं. तुमच्याकडे निरोप येत नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेऊ नका. दर महिन्याला एक फाइल प्रतीतून उघडून बघा.

प्रत त्याच कंपनीच्या त्याच खात्यात ठेवू नका, आणि बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक ठेवत असाल, तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर लागतो. ॲपवाल्याला हे लेखी विचारून घ्या.

सगळं एकदम परत टाकणं

एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका स्क्रिप्टने (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) ७७५ ग्राहकांच्या साइट्स पुसल्या. बॅकअप होते, तरी शेवटच्या ग्राहकाला डेटा मिळायला सुमारे दोन आठवडे लागले, कारण इतरांना धक्का न लावता ठरावीक ग्राहकांचंच परत आणायची तयार वाट नव्हती. आपल्या लहान ॲपमध्येही हेच होतं. आधी बिलं इम्पोर्ट केली आणि ग्राहक नंतर, तर बिलं कोणाचीच राहत नाहीत. आधी ग्राहक आणि माल, मग बिलं, मग जमा पावत्या. पहिल्यांदा पाचच ओळी टाका, बेरीज आणि बाकी जुन्या रिपोर्टशी ताडून बघा, मगच पुढे जा. शीट बिघडली असेल तर व्हर्जन हिस्टरीतली (फाइलच्या आधीच्या रूपांच्या यादीतली) जुनी आवृत्ती थेट रिस्टोअर करू नका, तिची कॉपी काढा. नाहीतर त्यानंतर इतरांनी केलेल्या नोंदी समोरून नाहीशा होतात.

आणि आत्ता, या क्षणी एखादी फाइल सापडत नसेल, तर सिंक थांबवा, ट्रॅश रिकामा करू नका, फोल्डरात शोधण्याऐवजी नावाने सर्च करा, आणि शेवटची कधी दिसली ती तारीख कागदावर लिहून आजच ॲडमिनला फोन करा.