वर्षानुवर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ सुरू करण्यापूर्वी

माळ्यावरून खाली काढलेला जुना रेडिओ, मग तो ठाण्यात तयार झालेला मर्फी असो वा फिलिप्स, ‘लागतो का बघू’ म्हणून थेट प्लगमध्ये खोचू नये. व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) सहसा शाबूत असतात. निकामी होतात ते कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे भाग), आणि जाताना ते ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतात.

प्रथम मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरील क्रमांक वाचावेत. ते यूसीएच, यूएल, यूवाय असे असतील, तर तो एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा) सेट असून त्याची चॅसी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडा चालवूच नये. पुढील कृती ट्रान्सफॉर्मर असलेल्या एसी सेटसाठी आहे. उंदरांनी कुरतडलेल्या व रबर तडकलेल्या वायरी बदलाव्यात, पावसाळ्यात दमट राहिलेला सेट काही दिवस कोरड्या जागी ठेवावा आणि व्होल्टेज सिलेक्टर 230 किंवा त्याहून वरच्या खुणेवर आहे, हे पाहावे.

आता कंडेन्सर. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे, जाणारा मेणकागदी कंडेन्सर (बहुधा 0.01 मायक्रोफॅरड) तपासत बसू नये, सरळ बदलावा; 630 व्होल्टचा फिल्म कंडेन्सर स्वस्तात मिळतो. मेन्स आणि चॅसी यांच्यामधला कंडेन्सर मात्र वाय वर्गाचाच (मेन्ससाठीच्या सुरक्षित प्रकारचा) हवा. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक फुगलेले वा गळलेले असतील, तर तेही नवे घालावेत. येथे ‘जास्त तेवढे चांगले’ हा हिशेब चालत नाही: ईझेड80 या रेक्टिफायरला (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा 50 मायक्रोफॅरड आहे. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवण्याची पद्धतही अशा सेटला फारशी उपयोगी नाही, कारण हीटर (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) पुरेसा तापेपर्यंत रेक्टिफायर जवळपास काहीच देत नाही आणि त्यानंतर एचटी (व्हॉल्व्हना लागणारे उच्च डीसी व्होल्टेज) एकदम चढते.

सेटसोबत सिरीजमध्ये (सेटला जाणारी वीज बल्बमधून जाईल असा) 60 वॅटचा तारेचा बल्ब जोडावा. एलईडी येथे निरुपयोगी आहे. स्पीकर जोडलेला असावा आणि सुरुवातीला रेक्टिफायर काढून ठेवावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ट्रान्सफॉर्मर व हीटर ठीक आहेत असे समजावे. लखलखीत पेटलेलाच राहिला, तर शॉर्ट आहे, ताबडतोब प्लग काढावा. त्यानंतर प्लग काढलेल्या स्थितीत रेक्टिफायर बसवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. हीटर तापल्यावर बल्बचा उजेड किंचित वाढून स्थिरावतो. तो वाढतच गेला, तर पुढे जाऊ नये.

बल्ब काढून सेट पूर्ण व्होल्टेजवर घेतल्यावर, एक हात खिशात ठेवून, आउटपुट व्हॉल्व्ह ईएल84 असल्यास त्याच्या दोन क्रमांकाच्या पिनवर (ग्रिड) चॅसीच्या संदर्भात व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या आसपास हवे. एक-दोन व्होल्ट धन दिसले, तरी कुठेतरी गळती आहे. तीन क्रमांकाच्या पिनवर (कॅथोड) साधारण सात-आठ व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लालसर होऊ लागली, तर मोजमाप सोडून आधी प्लग काढावा. प्लग काढल्यावरही फिल्टरमध्ये 250 व्होल्टच्या आसपास भार साठून राहू शकतो. म्हणून 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद लावून, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नये.