एचआयव्हीवर पुढचं संशोधन कशावर व्हावं, हे लोकांना विचारायला निघालात? या चुका टाळा

एका जानेवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात आम्ही अशीच बैठक लावली होती. सतरंज्या घातल्या, चहा सांगितला आणि वाट बघत बसलो. आले मोजके, त्यातलेही दोघे आमचेच कार्यकर्ते. बाकीचे कुठे, म्हणून विचारलं तर एक म्हातारी हसून म्हणाली, "कारखाना चालू व्हयी गया ना भाऊ." अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलं होतं. गंमत पुढेच आहे. आमच्या अहवालात ओळ आली: "स्थलांतराचा मुद्दा उपस्थितांपैकी कोणीही मांडला नाही." मांडणार कोण? तो मुद्दा ज्यांचा, ते बार्डोलीच्या फडात कोयता चालवत होते.

तर पहिली चूक तारखेची. नंदुरबार आणि साक्री पट्ट्यातून दिवाळीनंतर गेलेली माणसं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परततात. पोळा ते दसरा हे दिवस त्यातल्या त्यात बरे. पुढे कापूसवेचणी लागते, आणि मजुरी बुडवून तुमच्या सतरंजीवर कोणी बसत नाही. बसवायचंच असेल तर बुडालेली मजुरी द्या, नुसतं एसटीचं भाडं देऊन भागत नाही. वार निवडाल तो आठवडे बाजाराचा. गर्दीसाठी नव्हे, तर बाजाराला निघालेल्या बाईला "कुठे चालली?" असं कोणी विचारत नाही म्हणून.

बॅनर आणि हजेरीपत्रक

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही कोणी तोंड उघडायच्या आत.

एका कार्यालयाने दारावर भलामोठा बॅनर लावला होता, "एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सल्लामसलत बैठक". एक बाई दारावरून दोनदा गेली, बॅनर वाचला आणि सरळ स्टँडची वाट धरली. आत मात्र चर्चा चालू होती की महिलांचा प्रतिसाद कमी का. बॅनर नकोच. अगदी लागलाच तर "आरोग्य बैठक" एवढं पुरे.

हजेरीपत्रक त्याहून वाईट. नाव, गाव, मोबाइल, सही किंवा अंगठा, आणि तो कागद हातोहात फिरतो. तळोद्याची बाई सही करताना वरची पाच नावं वाचते, त्यात एक तिच्या नणंदेच्या गावचं असतं. 2017 चा एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे, आणि संशोधनात सामील करून घ्यायचं तर नीट समजावून घेतलेली संमती लागते. समुपदेशकांना हे सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते हिशेब लिहिणाऱ्यांना.

उपाय साधा आहे. दारात क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्या. प्रवासखर्चाच्या यादीत फक्त क्रमांक आणि रक्कम ठेवा. क्रमांक कोणाचा, ही यादी एकाच माणसाकडे कुलपात राहील. हे अकाउंटंटशी आधी बोलून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये तोच सह्या गोळा करायला गावोगाव फिरेल. फोटो हवाच असेल तर भिंतीवरच्या तक्त्याचा काढा. व्हॉट्सॲप ग्रुपवर चेहरे टाकणाऱ्या उत्साही माणसाला चहाच्या कामावर बसवा.

भाषा, आणि दुभाषा कुठला

धडगाव-मोलगीकडे पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची, तापीकाठी अहिराणी आणि गुजरी, रावेर-यावलला लेवा बोली. प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली यातल्या बहुतेकांना सरकारी कागद वाटतो. मग ठरलेलं उत्तर येतं, "आमले काय समजस, तुम्हीच लिखी ल्या." ही अडाणीपणाची कबुली नाही, सुटका करून घ्यायची सभ्य पद्धत आहे. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या एड्स संशोधन कार्यालयाने लेखी मतं मागवली आणि ऐकण्यासाठी बैठकाही घेतल्या. आपल्याकडे धडगावच्या पाड्यावर लेखी मतं मागवली तर मास्तर आणि आरोग्य सेवकाचीच मतं हाती येतील.

दुभाषा घ्या, पण त्याच पाड्याचा नको. शेजारच्या तालुक्यातला, ज्याचं तिथे सोयरिक-नातं नाही असा शोधा. जवळचा माणूस स्वस्तात मिळतो, पण त्याच्यासमोर कोणी खरं बोलत नाही. आणि "संशोधन" हा शब्द बाजूला ठेवा. तो ऐकला की समोरचा विचारतो, "योजना कोणती? फॉर्म कुठे भरायचा?"

"कोणतं संशोधन व्हावं?" हा प्रश्नच चुकीचा

हे विचारलं की शांतता पसरते, किंवा "कायमचं बरं करणारं औषध शोधा" एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: गोळी घेताना अडतं कुठे? मागच्या वर्षी गोळी कधी चुकली आणि त्या दिवशी काय झालं होतं? डॉक्टरांना विचारावंसं वाटलं आणि विचारलं नाही, असं काय आहे? मग लोक बोलतात. बहुतेक ती तक्रार असते. आणि इथेच पुढची चूक होते: "हे संशोधनात येत नाही" म्हणून ती तक्रार वहीत उतरतच नाही.

आलेलं सगळं उतरवा आणि नंतर तीन ढीग करा. काही गोष्टींचं उत्तर आधीच माहीत आहे. "माझ्या रक्तात विषाणू मोजण्याइतका उरला नाही, तरी नवऱ्याला होईल का?" नियमित गोळ्या घेऊन विषाणू त्या पातळीखाली राहिला तर शारीरिक संबंधातून लागण होत नाही, हे पक्कं ठरलेलं आहे. ते तिथल्या तिथे सांगा. पुण्याच्या संशोधन संस्थेकडे पाठवायचा हा प्रश्न नाही. काही तक्रारी व्यवस्थेच्या असतात, औषधाची खिडकी उशिरा उघडते वगैरे. त्या जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षाकडे द्या.

उरतो तो खरा माल. "नवी गोळी सुरू झाली आणि माझं वजन वाढलं." नव्या एकत्र गोळीत डोल्युटेग्राविर असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते घेणाऱ्यांचं वजन वाढलेलं दिसलं, बायकांचं जास्त. पण भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर दिवसभर निंदणी करणाऱ्या, मुळात किडमिडीत बाईच्या बाबतीत हे वजन चांगलं की वाईट? हा प्रश्न शास्त्रज्ञाच्या टेबलावर ठेवण्यासारखा आहे. "सिकलसेल पण आहे, हे पण आहे, रक्त कशाने कमी होतंय?" सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, आणि झिडोव्ह्युडिनसारख्या जुन्या औषधाने रक्त कमी होतं हे डॉक्टरांना ठाऊक आहे. दोन्ही आजार असलेल्या माणसाची देखभाल कशी करावी, हा प्रश्न नंदुरबारनेच विचारायचा. "डबी वाजते, सासू विचारते" यातून वेष्टनाचा आणि एकदा घेतलं की बरेच दिवस पुरणाऱ्या इंजेक्शनचा प्रश्न निघतो. ऊसतोडीला जाताना गोळ्या जास्त महिन्यांच्या द्याव्यात की तिकडच्या केंद्राशी जोडून द्यावं, यातलं कशाने औषध सुटत नाही? ही तर सरळ अभ्यासाची मांडणीच झाली.

एक पथ्य पाळा. तक्रारीचा प्रश्न करताना मूळ वाक्य खोडू नका. शेजारी ते तसंच, त्याच बोलीत लिहून ठेवा.

हात वर करायला लावू नका. मोठ्याने बोलणारे पाच जण कोणत्याही गावात असतात, आणि नवरा शेजारी असला की बायको त्याच्या हाताकडे बघून हात वर करते. बायका, पुरुष, तृतीयपंथी, जन्मापासून एचआयव्हीसह वाढलेली पोरं यांना वेगवेगळं बसवा. शिरपूरजवळच्या ढाब्यावरचे ट्रकवाले बैठकीला येणार नाहीत, तिथे तुम्हीच जा. प्राधान्य ठरवायला पडद्यामागे दर प्रश्नाची एक वाटी आणि प्रत्येकाला पाच मक्याचे दाणे पुरतात. मात्र दाणे मोजून मोकळे होऊ नका. सिकलसेलवाले थोडेच असतील, त्यांची वाटी कधीच भरणार नाही. ब्रिटनमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम रुग्ण, त्यांची देखभाल करणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न ठरवतो. त्यात शेवटचा टप्पा चर्चेचाच असतो.

ऐकून घेतलं नाही की काय होतं, हे कंबोडियाने दाखवलं. टेनोफोविर या औषधाने एचआयव्हीची लागण टळते का, याची चाचणी तिथे देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर व्हायची होती. औषधाचा त्रास झाला तर पुढची वर्षं उपचार कोण करणार, एवढं त्या विचारत होत्या. समाधान झालं नाही, आणि 2004 मध्ये सरकारने चाचणी थांबवली. पुढच्याच वर्षी कॅमेरूनमध्येही तशीच चाचणी स्थगित झाली. 2007 साली चाचण्यांमधल्या लोकसहभागाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, ती या धड्यांनंतर.

आणि परत जा. जमवलेलं पुण्यात भोसरीला एड्स संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेकडे किंवा मुंबईला राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे पाठवलं की आपलं काम झालं, असं समजणारे पुढच्या वर्षी रिकाम्या सतरंजीवर बसतात. मी बसलोय. एका पानावर लिहा: कोणते प्रश्न पाठवले, कोणते नाही, आणि का नाही. "तुमच्या सांगण्यावरून औषध येईल" असं काही लिहू नका. गोळ्या न्यायला माणसं येतात त्या दिवशी समुपदेशकाने ते एकेकाला खोलीत वाचून दाखवावं. ऊसतोडीची माणसं आखाजीला घरी येतात आणि पेरणीची धांदल लागेपर्यंत जरा निवांत असतात. पान तेव्हा तयार हवं.