बातमीचे आणि वन्यजीवांचे फोटो काढताय? या चुका टाळा

सकाळी माळावर लांडगा आणि दुपारी मोर्चा, असं काम करणारे मराठवाड्यात बरेच आहेत. कॅमेरा एकच असला तरी दोन्हीकडचे नियम उलटे आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच होतो. बातमीच्या फोटोला गाव, तालुका, तारीख नेमकी लागते. घरट्याची, घुबडाच्या ढोलीची किंवा लांडग्याच्या बिळाची जागा मात्र कुणालाच सांगायची नाही. फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची माहिती काढा, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

सगळ्यात संतापजनक प्रकार टिटवीच्या घरट्याजवळ दिसतो. ती उघड्या खडकाळ जमिनीवर, खड्यांमधल्या उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. एप्रिल-मेमध्ये ती अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवणंच मोठं काम असतं. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर सावली धरून उभी राहते. अशा वेळी कुणीतरी नवखा पंधरा फुटांवर ठाण मांडतो. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालते आणि याला वाटतं, काय ॲक्शन मिळतेय! तेवढ्या वेळात उघडी पडलेली अंडी तापून आतलं पिल्लू मरू शकतं, आणि गोंगाटामुळे कावळ्याला घरटं सापडतं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तोच माणूस तेच करतो. टिटवी ओरडली की मागे सरका. ती अंड्यांवर परत बसेपर्यंत सरकत राहा. तुमची जागा तिथे. तेवढ्या अंतरावरून आपली लेन्स पुरत नसेल, तर तो फोटो आपला नाही.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली, तरी काळवीट मऊच, म्हणजे धूसरच येतंय.’ लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी घड्याळ बघा. उन्हाळ्यात नऊनंतर माळावर झळा उठतात आणि हवाच हलते. एकाच फोकसवर दहा फ्रेम काढा. प्रत्येकीत धूसरपणा वेगळ्या जागी असेल, तर दोष हवेचा आहे. जास्त फोकल लेंथ, म्हणजे आणखी जवळ ओढणारी लेन्स, हा त्यावर उपाय नाही, कारण झळाही तेवढ्याच मोठ्या होतात. कमी अंतर आणि सकाळची वेळ हाच इलाज. गाडीतून काढत असाल तर आधी एसी आणि इंजिन बंद करून काचा उघडा. आतली गार आणि बाहेरची तापलेली हवा खिडकीतच मिसळते. काळविटामागे गाडी पळवणाऱ्यांशी मला बोलायचंही नाही.

दुष्काळाच्या बातमीला तलावाच्या भेगाळलेल्या गाळाचा फोटो लावणं ही आळसाची सवय. पाऊस चांगला झाला तरी उतरत्या पाण्यामागचा गाळ दर उन्हाळ्यात भेगाळतोच. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर तर पाणी मागे हटलं की गाळपेर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. टँकर, रांग, विहिरीचा तळ दाखवा, आणि तारीख लिहा.

पक्ष्याच्या फोटोतली आडवी काडी पुसायची सवय बातमीच्या फोटोत आणू नका. उजेड, रंग ठीक करा, पण फ्रेममधलं काही काढू किंवा घालू नका.

जायकवाडीत थवा उडवण्यासाठी होडी घुसवू नका. थांबलात तर तो आपणहून उडतो. तेव्हा शटर १/२००० सेकंदाला तयार हवं.

काळ्या रानातल्या धुळीत लेन्स बदलू नका. दोन कॅमेरा बॉडी नसतील तर एकाच लेन्सवर दिवस काढा.

कार्डावरचे फोटो दोन ठिकाणी उतरल्याशिवाय ते फॉरमॅट करू नका.