आंबेवाल्याच्या नजरेने ब्रोलिओ

इटलीला गेलेली आपली माणसं रोम, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा करून परततात. त्यातला एक दिवस कापून टस्कनीतल्या, वाइनसाठी नावाजलेल्या किआन्ती भागातल्या ब्रोलिओच्या किल्ल्याला द्या. मी देवगडचा, हापूसची कलमं राखणारा; म्हणून सांगतोय ते बागायतदाराच्या डोक्याने. पिणं हा त्यातला लहान भाग.

आपला आंबा जूनच्या तोंडाला आटोपतो आणि मोहोराची धावपळ दिवाळीनंतरची. गणपती पोचवले की निघा. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी असते. त्या दिवसांत गर्दीही होते, तेव्हा किल्ल्याची फेरी आणि वाइन चाखण्याची वेळ आधीच ऑनलाइन बुक करा.

फ्लॉरेन्सहून रेल्वेने सिएना गाठायचं. तिथून ब्रोलिओ २०-२५ किलोमीटर, पण बसच्या भरवशावर राहू नका, गाडी ठरवा. स्वतः चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, आणि स्टिअरिंग ज्याच्या हातात त्याने पेल्याला शिवायचं नाही.

विजयदुर्ग ज्याच्या तालुक्यात आहे त्याला तटबंदीचं फार अप्रूप नसतं. तरी तटावर चढा. फ्लॉरेन्स आणि सिएना ही एकेकाळची हाडवैरी राज्यं, आणि हा किल्ला नेमका त्यांच्या सीमेवर. हवा स्वच्छ असेल तर सिएनाचे मनोरे दिसतात. रिकासोली घराण्याकडे ही जागा ११४१ पासून आहे. लाल विटांचा वाडा मात्र १९व्या शतकातला. याच घरातला बेत्तिनो रिकासोली १८६१ मध्ये पहिला पंतप्रधान काव्हूर याच्यानंतर इटलीचा पंतप्रधान झाला. गाइड राजकारणात रमला तर त्याला हळूच द्राक्षांकडे वळवा, कारण बेत्तिनोचं खरं काम तिथलं आहे. बरीच वर्षं प्रयोग करून १८७२ च्या एका पत्रात त्याने किआन्ती वाइनचा हिशेब मांडला: सुगंध आणि जोम सांजोवेझे द्राक्षाचा, कानायोलोने तिखटपणा मऊ होतो, आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या वाइनमध्ये घालायचं.

बागेत उतरायला मिळालं तर वेलाच्या बुंध्याशी वाका. कलमाची गाठ दिसेल. १९व्या शतकात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हापासून खालचं मूळ अमेरिकन जातीचं, वरचा वेल तिथला. माती कोणती, पाणी देता का, एका वेलावर घड किती ठेवता, हे विचारा. शेतकरी आहे कळलं की ती माणसं खुलतात.

बाटलीच्या मानेवरचा काळा कोंबडा बघून ठेवा. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणारे आपल्याला ठाऊक आहेत. तसलाच त्रास त्यांना जुना. १७१६ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूकने किआन्तीची हद्द आखून दिली, आणि १९२४ मध्ये ३३ उत्पादकांनी राद्दा गावात संघ काढून हा कोंबडा लावला. आज या कोंबड्याच्या वाइनमध्ये, म्हणजे किआन्ती क्लासिकोत, निदान ८० टक्के सांजोवेझे असावंच लागतं. आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१८ मध्ये. तिथे उभं राहून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

चाखताना पेला दांड्याला धरा, आधी वास घ्या, मग लहान घोट. शेजारच्या भांड्यात थुंकलात तर कोणी वाईट मानत नाही, अनुभवी माणसं तेच करतात. त्या सकाळी अत्तर नको, तंबाखू नको, आणि बरणीतलं कैरीचं लोणचं हॉटेलवरच राहू दे. सोबतचा पाव अळणी असतो. तो तसाच करतात, तक्रार करू नका. आमची ही थेंबालाही शिवत नाही, ती बागेत आरामात फिरली. जेवणात मासे विसरा. शाकाहारी असाल तर रिबोल्लिता मागा, शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि कोबीसारखा काळपट पाला घालून शिजवलेलं दाट सूप. फक्त मटणाचं पाणी घातलं नाही ना, ते विचारून घ्या.

बाटल्या दोनच घ्या. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सोडत नाहीत. लेबलवर 'रिझेर्वा' असेल तर ती निदान २४ महिने मुरलेली, 'ग्रान सेलेझिओने' ३० महिने. घरात पिणारं कोणी नसेल तर ऑलिव्ह तेल घ्या, पण नवं तेल निघतं ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात. त्याआधी गेलात तर हाती येईल ते मागच्या हंगामाचं, साल वाचून मगच पैसे मोजा.