रेंडरमधला सज्जनगड उंच दिसावा म्हणून

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सज्जनगडाचा देखावा करत होतो. उंचीची माहिती एसआरटीएमची (अंतराळयानातून रडारने केलेली जमिनीची मोजणी), म्हणजे साधारण ३० मीटरला एक बिंदू. आकार बरोबर आला, तरी चित्रात गड टेंगळासारखा दिसायचा. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला ते सहन होत नाही.

मुख्य कारण रुंद लेन्स लावून जवळ ठेवलेला कॅमेरा. २४ मिमीवर जवळूनही सगळं मावतं खरं, पण पुढची जमीन पसरते आणि मागचा डोंगर आक्रसतो. कॅमेरा गडाखालच्या उरमोडी धरणाच्या पाण्यापलीकडे चांगला लांब नेला आणि लेन्स ८५ मिमी केली. जागेवरून नुसतं झूम करून हे साधत नाही, मागे जावंच लागतं. पुढच्या आणि मागच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही.

दुसरी अडचण आपल्या सह्याद्रीचीच. बेसॉल्टचे थर आडवे, माथा सपाट, पाण्याची कडाही आडवी. सगळं चित्र आडवं झोपतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तृतीयांशाच्या रेषा (चित्राचे आडवे-उभे तीन सारखे भाग पाडणाऱ्या) चालू केल्या. पाण्याची कडा खालच्या रेषेवर, गड उजव्या उभ्या रेषेवर. डावीकडून डोंगराची एक तिरकी सोंड पुढे आणली, नजर तिच्यावरूनच वर चढते. त्यासाठी सोंड थोडी सरकवली. नकाशा करायचा असता तर तिला हात लावला नसता.

सूर्य कॅमेऱ्यामागून काढून बाजूला, क्षितिजापासून १५ अंशांवर आणला. कड्यांच्या घड्या लगेच उठल्या! धुकं अगदी पातळ, फक्त मागच्या रांगांपुरतं. उतारावरची झाडी अजून एकसारखी दिसते, आता तिच्या मागे लागलोय.